वाहतं पाणी ओलांडायचं नाही

१६ ऑगस्ट, शनिवार

पाऊस दिवसभर. सर आदिलाबादला मीटिंगला. तसेही ते असून नसल्यासारखे, गाडीवरून घसरले तेव्हापासून उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणजे पशुदवाखान्यात मी आणि अटेंडर. इंटर्नशिपचा चौथा महिना. पोस्टिंग आपल्याच मंडळात मागून घेतली तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या, की ही घरच्या जेवणासाठी शिक्षण बुडवणार. जेवण मिळतं, हे खरं.

दुपारी लक्ष्मणकाकांचा फोन. आमच्याच गावचे, वरच्या आळीतले. गाय कालपासून खात नाही, लाळ गळते. वीस-बावीस दिवसांची व्यालेली. एकटीच गेले. त्यांच्या गोठ्यात आज पहिल्यांदा पाय ठेवला. लहानपणी शाळेतून येताना फाटकाबाहेरून वासरं बघायचो आम्ही वस्तीतली पोरं, आत या असं कधी कोणी म्हटलं नाही. आज काकू स्वतः फाटक उघडून उभ्या. "या डॉक्टरीणबाई." ऐकून डोक्यात हवा गेली. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

गाय मान लांब करून उभी. गिळता येत नाही, पाजलेलं पाणी नाकातून परत. गव्हाणीत मक्याची कणसं. मी बघताक्षणी सांगून टाकलं, घास अडकलाय. काकांना जबडा धरायला लावला आणि हात घातला. लांब हातमोजे पेटीत नव्हते, परत कोण जाणार आणायला. कोपरापर्यंत गेला, काही लागलं नाही. काका म्हणाले माझा हात लांब आहे, मी बघतो. मी म्हटलं, बघा. त्यांनीही घातला. दोन दिवस कुंपणाला बोरीच्या काट्या लावत होते, मनगटापासून वर सगळे ताजे ओरखडे. ते मला दिसले होते.

काही निघालं नाही. खाली सरकला असेल, उद्यापर्यंत उतरेल, असं ठोकून दिलं. चहा झाला. त्यांच्याच कपात.

घरी आल्यावर बाबांना ऐटीत सांगितलं कोणाच्या गोठ्यात होते ते. ते वर्तमानपत्र वाचत होते, हूं म्हणाले.

१७ ऑगस्ट, रविवार

फाटकाशीच कळलं. हंबरणं ऐकून. घोगरं, फाटलेलं, मध्येच तुटणारं. गाय गोठ्याच्या भिंतीला डोकं हाणत होती. वासरू दुसरीकडे बांधलेलं, कारण सकाळी त्याच्यावरही धावली.

मग विचारलं. काल विचारायचं ते आज. गाईला कुत्रं वगैरे चावलं होतं का? काकू आठवून म्हणाल्या, महिना झाला असेल, नाल्याकडे चरताना एक कुत्रं अंगावर आलं होतं, नाकाला जरासं लागलं, हळद लावली, बरं झालं.

तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न होता. लाळ गळणारं जनावर समोर आलं तर तोंडात हात कधी घालाल? पिसाळलेलं नाही हे ठरल्यावर, सर. शाबास. पूर्ण मार्क. त्या मार्कांचं आता काय करू?

सरांना फोन. त्यांचा पहिला प्रश्न, "हाथ धोया क्या?" धुतला होता, चहाच्या आधी, नुसत्या पाण्यानं. रेबीजच्या माझ्या तीन सुया दुसऱ्या वर्षाला कॉलेजनं दिल्या आहेत, म्हणून मला आता दोनच पुरतात. आणि मालकाचं काय, विचारलं त्यांनी. मालकानं जन्मात एक घेतलेली नाही. त्याला चार खेपा लागतील, पहिली ताबडतोब.

काकांना साबण लावून हात धुवायला लावले. दिवस उलटल्यावर. धुता धुता म्हणाले, "काल त तू म्हनली घास अडकला."

रागानं नाही. समजून घ्यायचं म्हणून विचारतात तसं. त्यानंच जास्त लागलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळच्या बसनं आदिलाबाद, पहिली सुई घेतली. ल.काकांना सात वाजता हाक मारली होती. तू हो पुढं, मी मागच्या बसनं येतो म्हणाले. आले नाहीत. परत येऊन बघते तर वरच्या पाड्यावरच्या औषधवाल्याकडे जाऊन आलेले. कसलंसं मूळ उगाळून गुळात. नऊ दिवसांचं पथ्य: वांगं खायचं नाही, अंगाला सुई लावून घ्यायची नाही, वाहतं पाणी ओलांडायचं नाही.

आमच्या गावातून कुठेही जायचं म्हणजे नाल्यावरचा रपटा, पावसात पाण्याखाली जाणारा तो ठेंगणा पूल. दवाखाना पलीकडे, शाळा पलीकडे, जग पलीकडे. नऊ दिवस म्हणजे पुढचा मंगळवार धरून.

मी ओरडले. काकांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा हिशेब सांगितला. रोग झाला असेल तर औषध पोटात आहे. झाला नसेल तर प्रश्नच मिटला. आणि खरंच गाईला तेच होतं असं सरकारी कागदावर निघालं तर पथ्य मोडतो. "पन कागद गुरुजीकडून वाचून घेईन."

गुरुजी म्हणजे बाबा. सगळं गाव कागद त्यांच्याकडूनच वाचून घेतं. तेलुगू असो, इंग्रजी असो, जमिनीच्या फैसल्याचा कागद असो. बाबा एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत म्हणून. मामाची नोकरी नाकारल्याचं पत्र त्यांनी मामालाच पंगतीत वाचून दाखवलं होतं, आई अजून बोलून दाखवते.

चार वाजता गाय गेली. सर आले होते, लांबूनच बघितली. म्हणाले तपासणीसाठी मेंदू आजच्या आज काढायला हवा, या उमसात टिकत नाही. त्यांचा हात तसा, म्हणजे मीच. सुरी, बूट आणायला घरी आले.

आणि घरी वेगळंच. ल.काकांनी गडी पाठवून वस्तीवर सांगावा धाडला होता, गाय पडली, ओढायला या. त्यांच्या बापाच्या वेळी धाडायचे तसा. वाईट हेतू नसणार. हातून गेलेली सवय अशीच परत येते. पण बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते, आणि मी सुरी घेऊन त्यांच्यासमोर.

"माह्या बापानं ती ढोरं ओढायची दोरी या नाल्यात फेकली. सगळ्या गावासमोर. सात वर्साचा व्हतो मी. आन आज त्याच घरून सांगावा येते अन् तू सुरी घेऊन निघाली?"

मी म्हटलं सांगाव्यानं नाही चालले, डॉक्टर म्हणून चालले. त्यावर ते शांत झाले, आणि शांत झालेल्या बाबांशी भांडता येत नाही. म्हणाले, मले समजते. गावाले नाही समजनार. उद्या जा. आज गेली तर सांगाव्यावरून गेली असंच सगळे म्हणतील.

बरोबर होतं ते. अजूनही बरोबरच वाटतं. सरांना फोन केला, उद्या सकाळी करते. ते म्हणाले, बर्फ तरी लाव. गावात बर्फ कुठला.

गाय रात्रभर तिथेच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आठवडाभर तोंड न दाखवलेलं ऊन आज सकाळी साडेसहालाच.

ल.काकांच्या पुतण्यानं ट्रॅक्टरनं गाय शेताच्या कडेला नेली, जेसीबीनं खड्डा केला. ओढायला वस्तीवरून कोणी आलं नाही, कोणी परत बोलावलंही नाही. मी दोन हातमोजे एकावर एक, मास्क, गॉगल, बूट. आता सगळं आठवलं. अटेंडर शिंगं धरून. बांधावर निम्मं गाव. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या पदर नाकाला लावून आणि आमच्या वस्तीतले दोघं-तिघं लांब बाभळीखाली, माझ्याकडे न बघता उभे.

मान सोडवायला तासभर लागला. मेंदू दह्यासारखा हाताला आला. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतं. तरी डबी भरली, झाकण लावलं, थर्माकोलच्या खोक्यात ठेवली. नाल्यापलीकडच्या मासेवाल्याकडून बर्फ अटेंडर घेऊन आला, तोही निम्मा पाणी होऊन.

बसच्या कंडक्टरनं विचारलं खोक्यात काय. मी खरं सांगितलं. त्यानं घंटी मारली आणि बस गेली.

स्टॉपवर उभी होते खोकं घेऊन, ऊन डोक्यावर, काय करावं सुचेना. तर बाबांची गाडी. शाळेत रजा टाकून आले होते. काल संध्याकाळपासून बोलले नव्हते. मी मागे बसले. खोकं मांडीवर. रपट्यावरून जाताना पाणी चाकाला लागत होतं, तेव्हा एकदाच म्हणाले, "झाकन नीट धर."

ज्यांच्या बापानं दोरी फेकली ते आज मला आणि त्या गाईला घेऊन सोळा किलोमीटर. मला रडू येत होतं, पण हात मोकळे नव्हते.

आदिलाबादला ज्यानं खोकं घेतलं त्यानं झाकण उघडून नाक मुरडलं, पुढे हैदराबादला पाठवतो म्हणाला. येताना बाबांनी गाडी थांबवून उसाचा रस पाजला.

२० ऑगस्ट, बुधवार

वासराला सुई द्यायला गेले. काकू त्याला दूध शिकवत होत्या. बादलीत हात बुडवून बोटं त्याच्या तोंडात, ते चोखतं, चोखता चोखता दूध. सगळे असंच शिकवतात, मीही कॉलेजात असंच शिकले. मी इतक्या जोरात ओरडले की काकूंच्या हातून बादली सांडली. त्यांना सांगितलं बाटलीनं पाजा, हात लावू नका, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल. त्या म्हणाल्या, किती दिवस? मला नक्की सांगता आलं नाही. त्यांनी दूध पुसायला फडकं आणलं आणि माझ्याकडे पाठ करून पुसत बसल्या.

काकूंच्या हाताला जखम नाही, चारदा उलटसुलट करून बघितलं. त्याही सुई घ्यायला जातील पुतण्याबरोबर. त्यांना पथ्य नाही. दूध उकळून प्यायले सगळे, त्याची काळजी नाही असं सर म्हणाले. राहिले एकटे काका.

ओसरीवर तासभर बसले त्यांच्यापाशी. विषाणू नसेतून कसा चढतो, डोक्यापर्यंत पोचला की कोणाच्या हातात काही राहत नाही, हातापासून डोकं किती लांब, सगळं सांगितलं. ऐकलं त्यांनी. मग त्यांचं सांगितलं. धाकटा भाऊ होता, दत्ता. कुत्रं चावलं, त्याच औषधवाल्याच्या बापाचं औषध घेतलं. चौथ्या दिवशी बैल सुटून नाल्यापार गेला म्हणून धावत ओलांडून गेला. दोन महिन्यांत गेला. पाण्याचा गडवा दाखवला की किंचाळायचा. त्याच कुत्र्यानं चावलेला दुसरा एक जण होता, त्यानं पथ्य पाळलं, तो अजून शेळ्या राखतो.

"मी डोयानं पाह्यलं हे. तू पुस्तकात पाह्यलं."

त्या दुसऱ्याला दात लागलेच नसतील, धोतर फाटलं असेल नुसतं, असं म्हणायचं तोंडावर आलं. नाही म्हटलं. मी शनिवारी डोळ्यानं बघितलं होतंच की. कणीस.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुसरी सुई झाली. मी सुटले. लिहिताना लाज वाटते.

संध्याकाळी गावात खांदशेकणी. हळद-तूप लावून पळसाच्या पानांनी बैलांचे खांदे शेकतात, कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ल.काका त्यांच्या दोन्ही बैलांचे खांदे शेकत होते, सावकाश, दोन्ही हातांनी. ओरखड्यांवर खपल्या धरल्या आहेत. मी त्या हातांकडेच बघत होते. त्यांनी ओळखलं, बाह्या खाली ओढल्या.

सहाला सरांचा फोन. सँपल सडलेलं पोचलं. तपासणी होऊ शकत नाही. होय पण नाही, नाही पण नाही. कागद उद्या मिळेल.

म्हणजे काकांच्या भाषेत: निघालं नाही.

सोमवारीच काढला असता तर. हे वाक्य घरात कोणालाही ऐकवायचं नाही, बाबांना तर नाहीच. पण बाबा जेवताना म्हणाले, एका रात्रीनं काय फरक पडते? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेला माणूस.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सकाळी बैल नाल्यावर धुवायला. ल.काकांचे बैल पुतण्यानं धुतले. काका काठावर, पाण्यापासून चार हात लांब, तिथूनच सांगत होते, पोटाखाली घास, शेपटी राहिली. त्यातला सर्जा एकसारखा मान वळवून त्यांच्याकडे बघत होता, हा आत का येत नाही म्हणून. सगळं गाव पाण्यात, हा एकटा कोरडा.

दुपारी दवाखान्यातून कागद आणला. इंग्रजीत चार ओळी. बसमध्ये अठरा वेळा वाचला, बदलला नाही. खोटं सांगायचं हे अर्ध्या रस्त्यात ठरलं. रपटा आला तेव्हा मोडलं. शनिवारी मी एवढ्या खात्रीनं बोलले होते आणि माणूस त्यात अडकला. आता मुळीच खात्री नसताना पुन्हा तसंच बोलायचं? आणि नसेलच गाईला ते, दुसरंच काही असेल, तर? माझ्या शब्दावर त्यांनी पथ्य मोडायचं आणि मग रात्रंदिवस दत्ताला आठवत बसायचं?

तोरणाखाली बैल उभे होते. ल.काकांनी लांबूनच माझ्या हातातला कागद पाहिला. बैल पुतण्याकडे देऊन आले. मी तोंड उघडलं, काका म्हणून. त्यांनी कागद हातातून घेतला, अगदी हळू.

"ऱ्हाऊ दे. तू पयले बी सांगतलं व्हतं. गुरुजी वाचतीन."

त्यात टोमणा नव्हता.

ते पुढे, मी मागे. आमच्या घरी. ओसरीपर्यंत ते याआधी आले असतील, मतांच्या वेळी. आज आत येऊन खुर्चीवर बसले. डोक्यावर फेटा, कपाळाला गुलाल. आई दाराआड. मला बाबांना काही सांगायला वेळच मिळाला नाही. खरं तर दोन मिनिटं मिळाली असती. मी सांगितलं नाही.

बाबांनी चष्मा पुसला. कागद उभा धरला. ओठ न हलवता एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. वरची तारीख पाहिली, सँपल कधी काढलं ती. तिथे ते थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मग म्हणाले, "निघालं, लक्ष्मण. तेच निघालं. उद्या सकायी पयल्या बसनं जा."

बाहेर बैलांच्या घागरमाळा, पोरांचा आरडाओरडा. काका म्हणाले, पाणी द्या. आईनं तांब्या आणला आणि हात आखडला, कुठे ठेवावा कळेना. या घरात वरच्या आळीच्या माणसानं पाणी मागितलेलं तिनं लग्नापासून पाहिलं नव्हतं. काकांनी तिच्या हातून घेतला. तोंडाजवळ नेऊन थांबले, आत बघत राहिले. मग एक घोट. मग सगळा तांब्या.

जाताना कागदाची घडी करून खिशात घातली.

बाबा ताटावर बसले, पुरणपोळी तशीच. मी जवळ गेले. म्हणाले, एक रात्र मी अडवलं तुला. मी म्हटलं, हात मी घालायला लावला. बैल दारात ओवाळायला आले तेव्हा आई एकटीच बाहेर गेली.

२३ ऑगस्ट, शनिवार

पहिली बस. काका, मी आणि बाबा. बाबांचं काही काम नव्हतं. रात्री पाऊस झालेला, रपट्यावर वीतभर पाणी वाहत होतं. बस हळू झाली. काकांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर उचलून धरले, सीटच्या दांड्याला घट्ट पकडून. बस पार होईपर्यंत तसेच. मागच्या बाकावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. बाबांनी मागे वळून पाहिलं, गप्प झाल्या. गुरुजींच्याच शाळेतल्या.

पलीकडे गेल्यावर पाय खाली ठेवले. म्हणाले, "मोडलं."

दवाखान्यात जखमांच्या भोवतीही सुया. हूं की चूं नाही. नर्सनं कार्डावर पुढच्या तारखा घातल्या: मंगळवार, मग पुढचा शनिवार, मग महिना संपता. उशीर किती झाला म्हणून मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, उशीर तर झालाच, पण घेतलेलं बरं. मग, तुम्ही स्वतः पशुवैद्यकीवाल्या ना, असं विचारून माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटलं.

येताना काकांनी विचारलं, औषधाचं पथ्यही मोडलं आणि सुयाही उशिरा, म्हणजे आता दोन्हीकडचं गेलं का? मी म्हटलं नाही काका, सुई लागू पडते. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर कपाशी बघत होते. म्हणाले, पडते.

आणखी एक. कागद काकांनी घरी ज्योतीसाठी जपून ठेवलाय. त्यांची मुलगी, बासरला शिकते, इंग्रजीतच सगळं. उद्या येते आहे. पोळ्याला यायला जमलं नव्हतं. तिला सगळं दाखवीन म्हणाले. मी बाबांना घरी आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, मंग सांगू तिले खरं. आणि मंगळवार? मंगळवारचं काही बोलले नाहीत.

२४ ऑगस्ट, रविवार

कामात लक्ष नाही. रविवार असून दवाखान्यात जाऊन कपाट आवरलं. लांब हातमोज्यांचं पाकीट तिथेच होतं, दुसऱ्या कप्प्यात, पूर्ण भरलेलं. दोन जोड्या माझ्या पेटीत टाकल्या. आता.

वासरू खातंय-पितंय. सकाळी उड्या मारत होतं. त्यावर काही ठरवता येत नाही.

पाचच्या सुमाराला ज्योती आली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, शाळेत असताना माझी जुनी पुस्तकं तिला जायची, बाबांमार्फत. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी नाही. हातात तो घडीचा कागद. बाबा खुर्चीवरून उठले. मला वाटलं आता तिच्या तोंडून ऐकावं लागणार, आणि ऐकायला हवंच होतं. मी ज्या शब्दांची वाट पाहत होते ते सगळे खरे होते.

ती म्हणाली, "बाबांनं मले वाचाले लावलं."

माझ्या बाबांनी विचारलं, काय वाचलंस?

"तुमी वाचलं तेच, गुरुजी."

मग माझ्याकडे वळून विचारलं, मंगळवारची बस किती वाजता. मी सांगितलं, सव्वासात. सुट्टी वाढवून घेते म्हणाली. मग चपलेचा अंगठा दाबत हळूच विचारलं की ताई, हे किती दिवस असतं? म्हणजे कळायला. मी म्हटलं दोन-तीन महिने, कधी जास्त. ती म्हणाली, बाबा सकाळपासून दर तासाला गडवा भरून घेतात. आत बघतात, पितात, मग पुसून ठेवतात. आई बोलत नाही. मी काय बोलू?

काही बोलू नको म्हटलं. दुसरं काय सांगणार. कागद तिनं बाबांच्या हातात दिला, तुमच्याकडेच राहू द्या म्हणाली. बाबांनी तो कपाटात शाळेच्या दाखल्यांच्या फायलीत ठेवला आणि शर्ट बदलून विहारात गेले.

मी स्वयंपाकघरात गेले. माठातून तांब्या भरला. आत पाहिलं, तळाशी तांब्याला पोचा आहे तो दिसला. माझ्या पाचही सुया झाल्यात, मला काही होणार नाही, सगळं पाठ आहे.

प्यायले. गेलं खाली.